भाचीचे पाय

मला माणसांच्या पायांची किळस येते. सरळ सांगतो, आडपडदा कायले ठेवायचा. यावर कोणी विचारेल, मग गोंदियाच्या बाजारात बुटांच्या दुकानात बावीस वर्षं काय करून राहिलास बाप्पा? माझ्या गावची, दवनीवाड्याची शेती दोन मोठ्या भावांनाच पुरत नव्हती, सेठनं ठेवून घेतलं, बुटक्या स्टुलावर बसवलं आणि समोर पहिला पाय आला. तेव्हापासून पाय येऊनच राहिले आहेत. फाटक्या मोज्यातून डोकावणारे अंगठे, वाढलेली काळी नखं, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्या. आणि तो वास! माणूस अत्तर लावून येतो, मोजा काढतो आणि दुकानातला पंखा तो वास चारी कोपऱ्यांत फिरवतो. शी! दुपारचा डबा मी बावीस वर्षं चमच्यानं खातो. बायको हसते.

पायांपेक्षा घाण म्हणजे हा धंदा. चिटकवलेलं नाव मोठ्या कंपनीचं आणि बूट कुठल्या गल्लीत शिवलेला, ते देवालाही माहीत नाही. गिऱ्हाईकही काही कमी नाही. तासभर बसून आठ जोड घालून पाहतात, माझ्याकडून लेस बांधून घेतात, खिशातून मोबाईल काढून नंबराचा फोटो घेतात आणि "पाहतो जी" म्हणून जातात. चौथ्या दिवशी मोबाईलवर मागवलेला तोच बूट घालून दुकानासमोरून चालत जातात. थुंकावंसं वाटतं, पण पायरी मलाच धुवावी लागते. सेठ तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन त्याच पायरीवर थुंकतो म्हणून ती मी तशीही रोज धुतो.

हे सगळं सांगायचं कारण कुंदा. सालेकशाकडची, पटल्यांची कुंदा. तिची आठवण आली की पायांची किळस कमी होते आणि दुसऱ्याच एका गोष्टीची वाढते.

कुंदाला मी आधी पाहिलंच नाही. आधी तिची काडी पाहिली. दिवाळीच्या तोंडावर एक म्हातारा दुकानात आला. खांद्यावर दुपट्टा, पायात टायरच्या चपला. शर्टाच्या खिशातून त्यानं पेपरात गुंडाळलेली तुरीची काडी काढली आणि फुलं द्यावीत तशी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"पोरीचा पाय आहे जी," तो म्हणाला. "या मापाचा धावाचा बूट द्या."

आमच्याकडे ही जुनी रीत. गावातून एकच माणूस बाजाराला येतो आणि घरातल्या सगळ्यांचे पाय खिशात घेऊन येतो. कोणी सुतळी आणतो, कोणी वहीच्या कागदावर पेन्सिलीनं पाय काढून आणतो. काडी मात्र बांधावरच्या तुरीची, कारण ती वाकत नाही. लक्षात घ्यायची मोठी गोष्ट ती हीच की काडी लांबी सांगते, रुंदी सांगत नाही. आणि कोणत्या पायाची, तेही सांगत नाही.

"उजव्या पायाची का डाव्या?" मी विचारलं.

"पायच तो. दोन्ही सारखेच राहतात ना जी."

मी हसलो. खोलात कोण जातं? काडी बुटात सरकवली, टोकाशी थोडी फट राहिली, पाच नंबरचा गुलाबी लेडीज जोड डब्यात घातला आणि म्हाताऱ्याला वाटेला लावलं. दुकानाची पाटी मागेच होती, 'बिका हुआ माल वापस नहीं होगा'.

आठ दिवसांनी कुंदा स्वतः आली. तिशी ओलांडलेली, सावळी, काटक, केस करकचून बांधलेले. दाराशी थांबली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि सेठच्या खर्ऱ्याच्या पायरीवर उभी राहून पाय धुतले. बोटांच्या बेचक्यातून बोटं फिरवून धुतले. ओढणीच्या टोकानं पुसले आणि मग आत आली. बावीस वर्षांत पाय धुऊन दुकानात आलेलं हे एकच गिऱ्हाईक. मी बघतच राहिलो.

"हा नाही जमत जी," ती म्हणाली आणि गुलाबी जोड काउंटरवर ठेवला. जोड स्वच्छ पुसलेला होता.

"वापस नाही होत," मी पाटीकडे बोट केलं.

"पाटी मी वाचली. मी वापस कराले नाही आली. काऊन नाही जमत ते विचाराले आली."

असं कोणी विचारत नाही हो. लोक भांडतात, शिव्या देतात, नाहीतर बूट माळ्यावर टाकून देतात. हिला कारण पाहिजे होतं. म्हटलं, बस. स्टुलावर बसली. मी सवयीनं पाय हातात घ्यायला वाकलो, तर तिनं चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला.

"काका, काय करून राहिले! बापाच्या वयाचे तुम्ही. माह्या पायाले हात लावता? पाप लागन मले."

"अबे पोरी, हा धंदा आहे माझा."

"तुमचा धंदा राहीन. माहं पाप तं माहंच राहते ना."

झालं. काही केल्या पाय हातात देईना. मग मी मापाची पाटी जमिनीवरून पायानंच सरकवली, ती त्यावर कशीबशी उभी राहिली, एका पायावर भार, दुसरा अर्धा हवेत. मी लांबूनच वाकून आकडा वाचला. ही काय माप घ्यायची तऱ्हा झाली? पण तिचं ऐकता ऐकता मला दुखण्याचा अंदाज येत गेला.

ती आपल्या टाचांना थोरली आणि धाकटी म्हणायची. उजवी थोरली, डावी धाकटी, एका घरात दिलेल्या जावा. "थोरली समजदार आहे जी. धाकटीचे नखरे. सकाळी खाटेवरून उतरून पहिलं पाऊल टाकलं का धाकटी बोंबलते. खिळा घुसल्यावानी. मंग दहा पावलं चाललं का चूप होते. धावणं थांबवलं का मंग पुन्हा रुसते." हे ती इतक्या गंभीरपणे सांगायची की हसावं की नाही ते कळत नसे. धाकटीसाठी तिनं विटेवर रुईचं पान तापवून शेक घेतला होता, मोहाचं तेल चोळलं होतं, डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या खाल्ल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, तीन महिने धावू नका. कुंदा डॉक्टरला म्हणाली, भरती तीन महिन्यांनीच आहे, तीच थांबवून द्या.

भरती म्हणजे पोलीस भरती. मैदानावर आठशे मीटर धावायचं होतं. यंदा तिचं वय कसंबसं बसत होतं, पुढल्या खेपेला बसणार नव्हतं. नवऱ्याचं घर तिनं सोडलं होतं, का सोडलं ते ती एका वाक्यात सांगायची, "त्याचा हात चालायचा, म्हणून माहे पाय चालले." आता बापाच्या घरी होती आणि घर भावजयीच्या हातात होतं. "लागली तं लागली नोकरी. नाही तं भावजयीच्या चुलीपाशी जिंदगी. तिनं भाजी वाढली तं खायची." हे सांगताना ती रडली बिडली नाही. धान किती झालं ते सांगावं, तशा आवाजात सांगितलं.

त्या दिवशी मी तिला दुसरा जोड दाखवला. बाकीच्या बाया घालतात, आरशात पाहतात, दोन पावलं मुरडतात आणि घेतात. कुंदानं लेस बांधली, उठली, दार उघडलं आणि धावत सुटली. भर बाजारात! भाजीच्या गाड्यांमधून, सायकल रिक्षाला वळसा घालून, गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली. सेठ गल्ल्यावरून उठून माझ्यावर ओरडला.

"अरे टेंभरे! चोर! जूता लेके भागी! पकड उसको!"

मी दारात आलो, समोरचा कापडवाला बाहेर आला, दोन पोरांनी मोबाईल काढले. एवढ्यात ती वळसा घालून परत धावत आली, पायरीवर थांबली, घाम पुसला आणि सेठकडे न बघता मला म्हणाली, "नाही जमत जी. धाकटीनं पानठेल्यापाशीच बोंब मारली."

सेठचं तोंड उघडंच होतं. मी इतका हसलो की स्टुलावर बसावं लागलं. त्या दुकानात मी असा कधी हसलो नव्हतो.

त्यानंतर ती दर गुरुवारी पॅसेंजरनं यायची. घ्यायला नाही, शिकायला. एका जोडाचे पैसे पाण्यात गेले होते, दुसरी चूक परवडणार नव्हती. दुपारी दुकान रिकामं असलं की मी तिला सांगत बसे. बूट हातात घेऊन वाकव. बोटांपाशी वाकला पाहिजे, मधेच वाकला तर तो बूट नाही, पोळी आहे. मागून टाचेपाशी दाब, तिथे कडक पाहिजे, टाच धरून ठेवणारा. पुढे अंगठ्याएवढी जागा सोड. सकाळी माप घेऊ नको, दुपारनंतर पाय फुगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोलच्या कडेला नख लावून बघ. गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या मालाचा सोल आतून मरतो. आमच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली सोल शिजतो हो. वरून नवा कोरा दिसतो, नख लावलं की पिवळी भुकटी निघते. असा बूट घालून धावलं की चार दिवसांत सोल हातात येतो.

"असा माल विकता तुम्ही?" तिनं विचारलं.

"सेठ विकतो," मी म्हणालो.

ती उठली. काउंटरवरच्या एकेका बुटाला नख लावत गेली. पाचांपैकी दोन बुटांची भुकटी निघाली. तिनं नखाकडे पाहिलं आणि "हट्, काय घाण आहे!" म्हणून ओढणीला पुसलं. मला बरं वाटलं. या दुकानात माझ्याइतकी किळस येणारं दुसरं माणूस भेटलं होतं.

पाय मात्र हातात देत नव्हती. मी चिडायचो. म्हणायचो, डॉक्टरला देशील ना? तर म्हणायची, डॉक्टर पोरगा होता, माह्याहून लहान. अशानं कोणाला बरोबर बूट मिळेल सांगा. टाच कुठे दुखते ते बोटानं दाबल्याशिवाय कळत नाही, आणि ही बोट लावू देईना.

मग एका गुरुवारी ती पायरीवर बसून डबा खात होती. मला भाकरीचा तुकडा देत म्हणाली, "घ्या काका. माही माय दवनीवाड्याची. तिच्या हातची अशी जाड भाकर राहायची."

"दवनीवाड्याची? कोणाची?"

"बोडीपाशी घर होतं. यशोदा नाव."

बोडीपाशी राहणारी यशोदाताई! बोडी म्हणजे आमच्याकडे शेतातलं लहान तळं. सात-आठ वर्षांचा असताना मी त्या बोडीत बुडत होतो, तेव्हा हिच्या आईनं झिंज्या धरून बाहेर ओढलं होतं आणि वर दोन थोबाडीत दिल्या होत्या. लग्न होऊन सालेकशाकडे गेली ती गेलीच. कुंदा म्हणाली, माय जाऊन चार वर्षं झाली.

"अबे, मग मी तुझा मामा लागतो ना!" मी ओरडलोच. "तुझ्या मायच्या गावचा. मामाले कोणतं पाप?"

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. लग्नकार्यात, सणावाराला, रस्त्यात भेटली तरी. पाच वर्षांची भाची असली आणि साठ वर्षांचा मामा असला तरी पाया मामानंच पडायचं. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण इकडे तो नेम आहे. कुंदानं घास गिळला, माझ्याकडे पाहिलं, हात धुतले आणि आत येऊन स्टुलावर बसली. दोन्ही पाय पुढे केले.

"घ्या मामा," ती म्हणाली.

मी आधी रीतीप्रमाणे दोन्ही पायांना हात लावून कपाळाला लावला. दुकानात दोन-तीन गिऱ्हाईकं होती, ती बघत राहिली. सेठ गल्ल्यावरून म्हणाला, "ये क्या चालू है?"

"भांजी है मेरी," मी म्हणालो. का कोण जाणे, छाती फुगली होती.

मग पाय हातात घेतला. किळस आली का? आली. खोटं कायले बोलू. टाचांना भेगा, भेगांत शेतातली काळी रेघ, बेचक्यात जुन्या चिखल्यांचे डाग. लहानपणापासून अनवाणी चिखलात धानाची रोवणी केलेला पाय, बोटं पंख्यासारखी पसरलेली. हा पाय लेडीज जोडात कसा मावेल? बायांचा बूट बनवणाऱ्यांनी रोवणी करणारी बाई कधी पाहिलीच नसावी. किळस आली, पण हात सोडला नाही. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूनं अंगठा दाबत गेलो आणि एका जागी ती दातांतून सुस्कारली.

"हीच धाकटी," ती म्हणाली.

दोन्ही पाय नीट मापले. धाकटी थोरलीपेक्षा अर्ध्या नंबरानं मोठी निघाली! म्हाताऱ्यानं काडी मोडली होती ती थोरलीवरून. एवढ्याशा काडीनं पोरीचा महिना वाया घालवला. तिला मर्दाचा सहा नंबर पाहिजे होता, पुढून रुंद, टाचेत कडक. तसला जोड मोबाईलवर मागवावा तर आधी वाकवून, घालून पाहता येत नाही. खाली दुकानात नव्हताच. मला आठवलं, माळ्यावर एक आहे.

शिडी लावून माळ्यावर गेलो. पत्र्याखाली, उंदरांच्या लेंड्यांत, लॉकडाऊनच्याही आधीचा डबा. आत निळा जोड, सहा नंबर, रुंद. वाकवला, बोटांपाशी वाकला. टाच कडक. हाच तो. मग सोलच्या कडेला नख लावलं.

पिवळी भुकटी निघाली. फार नाही, चिमूटभर. मी ती पँटीला पुसली.

खालून आवाज आला, "मामा, भेटला का?"

आता काय सांगू. सेठनं मला बळजबरी केली नव्हती. गिऱ्हाईक खाली आहे, माल वर आहे, एवढंच त्याला माहीत होतं. वरून ओरडून 'नाही भेटला' म्हणायला एक क्षण पुरला असता. पण खाली चारचौघांत माझी भाची बसली होती आणि मी तिचा मामा होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हाताला काहीतरी कळलं होतं, आणि मला ते सगळ्यांना दाखवायचं होतं. महिनाभर टिकेल, मी मनाला सांगितलं. भरतीपर्यंत तर टिकेलच. डबा घेऊन उतरलो.

तिनं बूट घातले, दार उघडलं आणि धावत सुटली. या वेळी सेठही हसला. परत आली तेव्हा तोंडावर उजेड होता.

"जमते जी!" ती म्हणाली. "धाकटी चूप आहे मामा! एकदम चूप!" असं म्हणून दुकानात तिनं एक गिरकी घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "मामानं काढला बूट."

मग तिनं बूट काढला, हातात घेतला, कडेशी अंगठ्याचं नख नेलं आणि माझ्याकडे पाहून थांबली.

"लावू का नख?"

"मामा असताना नख कायले लावतेस?" मी म्हणालो.

तिनं लगेच नख मागे घेतलं. लाजली. "चुकलंच जी," म्हणाली.

लोक फसवण्याला मामा बनवणं म्हणतात. मी मामा बनूनच ते केलं.

दोन-तीन गुरुवार ती आली नाही. सराव करत असेल, म्हटलं. धावण्याची चाचणी होती त्या सकाळी मी दुकानाची किल्ली खिशात घेऊन मैदानाच्या जाळीपाशी जाऊन उभा राहिलो. थंडी होती. आत पोरी छातीवर नंबर लावून रांगेत, बाहेर आमच्यासारखे नातेवाईक. तिच्या पायात निळा जोड दुरूनच ओळखू आला. नवा कोरा दिसत होता. भावजयीच्या नजरेला पडू नये म्हणून आणि खास मैदानासाठी म्हणून तिनं तो जपून ठेवला होता, सराव अनवाणी केला होता, हे मला नंतर बाजारात भेटलेल्या तिच्या बापाकडून कळलं.

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत ती तिसरी होती. काय धावत होती! हात कमी हलायचे, मान स्थिर. मी जाळीला धरून "चल कुंदे, चल" असं पुटपुटत होतो. दुसरी फेरी अर्धी झाली आणि डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला. आधी टोक, मग निम्मा. प्रत्येक पावलाला फट्फट् आवाज, तो मला जाळीपर्यंत ऐकू आला. ती अडखळली, पडली नाही. दोनदा पाय झटकला, सोल निघेना. थांबली, वाकली, बूट ओढून काढून फेकला आणि एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशी धावली. धाकटीवर. शेवटच्या वळणावर ती लंगडत होती आणि पोरी तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाऊन राहिल्या होत्या.

रेघ ओलांडल्यावर ती बसली नाही. मागे चालत गेली, फेकलेला बूट उचलला. जाळीपासून फार लांब नव्हती. तिनं सोलच्या कडेला नख लावलं, नख डोळ्यांपाशी नेऊन पाहिलं. मग मान वर केली. मला पाहिलं की नाही, माहीत नाही. मी वाकलो होतो. पन्नाशीला आलेला माणूस, जाळीखाली, लेस बांधायचं सोंग करत. माझ्या पायात चप्पल होती. थू माझ्या जिनगानीवर.

यादीत तिचं नाव लागलं नाही. धावण्याचे मार्क कमी पडले. मी घरी बायकोला सांगितलं, थोडक्यात गेलं बिचारीचं. बाकीचं सांगितलं नाही.

रोवणीच्या आधी, जूनमध्ये, ती पुन्हा दुकानात आली. गुरुवार नव्हता. पायरीवर पाय धुतले, ओढणीनं पुसले, आत आली. वाळली होती. मी उठून उभा राहिलो. भांडेल, तोंडावर बूट फेकेल, चारचौघांत बोलेल, याची मी चार महिने वाट पाहत होतो. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं पिशवीतून तुरीच्या दोन काड्या काढल्या, दोन वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यानं गुंडाळलेल्या.

"बाबासाठी चप्पल पायजे," ती म्हणाली. "लाल दोऱ्याची उजव्या पायाची, हिरव्या दोऱ्याची डाव्या."

मी चार जोड काढले. काड्या लावून पाहिल्या. तिनं एकेक चप्पल हातात घेतली, वाकवली आणि सोलच्या कडेला अंगठ्याचं नख लावलं. सावकाश, सगळ्या कडेनं. नख पाहिलं. तिसरा जोड बाजूला ठेवला.

"हा द्या."

मला राहवलं नाही. "बस ना थोडं," मी म्हणालो. "धाकटी कशी आहे? दाखव. टाचेत घालायची गादी आलीये चांगली, नवा माल आहे, मी स्वतः—" आणि बोलता बोलता मी स्टुलावर बसून तिच्या पायाकडे हात नेला.

तिनं पाय मागे घेतला. पहिल्या दिवशी घेतला होता तसा झटक्यानं नाही, हळू.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "तुम्ही मोठे. पायाले हात नका लावू. पाप लागन."

आवाज चढला नव्हता. पैसे दिले, चप्पल पिशवीत टाकली, दोन्ही काड्या आठवणीनं परत घेतल्या आणि पायरी उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागली. मी दारातून बघत होतो. ती डावी टाच टेकवत नव्हती, चवड्यावरच चालत होती. भाजीच्या गाड्यांपर्यंत दिसली, मग दिसली नाही.

सेठनं गल्ल्यावरून मान वर केली. "कौन थी रे? तेरी भांजी थी ना वो?"

"नाही," मी म्हणालो. "कस्टमर होती."